फोटोमागचं साल

आयुष्यभर इतिहास शिकवला. सनावळ्या पाठ नसल्या की मुलांना बाकावर उभं करायचो. गेल्या आठवड्यात मात्र मलाच बाकावर उभं राहायची पाळी आली!

निवृत्तीनंतर अंगणातल्या संत्र्याच्या झाडाचे आणि त्यावरच्या जिवांचे फोटो काढायचा नाद लागला. परवा पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो काढून बसलो, तर सगळ्यांवर एकच तारीख: १ जानेवारी २००२. सेल बदलले की कॅमेऱ्याचं घड्याळ पुन्हा तिथेच जायचं, आणि मी कधी लक्षच दिलं नाही.

मग फोटोंनाच विचारायला लागलो. पांढरी फुलं आणि कुंपणाबाहेर पळस लाल, म्हणजे आंबिया बहर, माघाची अखेर. ओल्या मातीवर मखमली लाल मृगाचा किडा, म्हणजे जूनचा पहिला पाऊस. कोवळ्या नवतीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी होती. तीच मोठी झाली की हिरवी होते आणि पुढे तिचं लिंबाळी फुलपाखरू होतं. ती पाऊस पडून झाड फुटल्यानंतरची. पिवळी फळं दिवाळीच्या आसपासची. महिने बरोबर लागले, पण साल काही लागेना.

आमच्याकडे कामाला येणारा गडी म्हणाला, "गुरुजी, फुलाले साल कायले पायजे? ते तं दरसाल येते!"

खरं आहे. फूल दरसाल येतं, पण झाड दरसाल राहत नाही. वडिलांनी शेंदुरजनाघाटहून आणलेलं ते कलम पुढे डिंक्याने वाळलं आणि तोडावं लागलं. त्याचा शेवटचा बहर कोणत्या साली आला, ते आज सांगता येत नाही.

नोंदीचं मोल काय असतं ते रानपिंगळ्याच्या गोष्टीतून कळतं. या छोट्या घुबडाचं शास्त्रीय वर्णन ह्यूमने १८७३ मध्ये केलं. खानदेशात १८८४ मध्ये शेवटचा नमुना मिळाला, आणि पुढे तो कोणाला दिसला नाही. मध्येच माइनर्टझागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा १९१४ चा, गुजरातेतला म्हणून एक नमुना होता. तो दुसऱ्याचा जुना नमुना चोरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला निघाला! त्या चिठ्ठीच्या भरवशावर लोक भलतीकडेच शोधत राहिले. पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघड केली, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरली, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. तब्बल ११३ वर्षांनी! त्याचे फोटो निघाले. पुढे तो आपल्या मेळघाटातही आढळला.

खोट्या चिठ्ठीने पक्षी हरवला आणि खऱ्या चिठ्ठीने सापडला. माझ्या फोटोंना तर चिठ्ठीच नव्हती.

आता दोनशे पानी वही केली आहे. प्रत्येक फोटोची तारीख, झाड, पाऊसपाणी लिहितो. अंगणात नवं कलम लावलंय, त्याचं पहिलं पान वहीत आलं आहे. जुन्या फोटोंपुढे लिहिलं आहे: "महिना पक्का, साल माहीत नाही." अंदाजाने साल घालायचा मोह झाला होता, पण घातलं नाही.

तुमच्याही घरी पेटीत जुने फोटो असतील. सांगणारं माणूस घरात आहे तोवर मागे पेन्सिलीने साल लिहून ठेवा.