कीटकांवर जगणाऱ्या माशा आणि त्यांचे वर्गीकरण : नाव, लक्षण व जीवनक्रम

सुरवंट पाळून त्यातून पतंग निघण्याची वाट पाहणाऱ्या अभ्यासकास पुष्कळदा निराळाच अनुभव येतो. पतंगाऐवजी करड्या रंगाची, राठ केसांची, दिसण्यात घरमाशीहून फारशी वेगळी नसलेली अशी एक माशी बाहेर पडते. सतराव्या शतकातील काही निरीक्षकांना हा एका प्राण्याचे दुसऱ्या प्राण्यात होणारे रूपांतर वाटला, यात नवल नाही. वस्तुस्थिती अशी की, या माशीची अळी सुरवंटाच्या शरीरात वाढते, त्याच्या अंतर्भागावर पोसली जाते आणि बहुधा त्याचा अंत करूनच आपली वाढ पुरी करते. सामान्य परोपजीवी प्राणी आपल्या पोषकास जिवंत ठेवतो. हा त्यास मारतो. या दृष्टीने तो परोपजीवी व भक्षक यांच्या सीमेवर उभा आहे.

द्विपंखी गणातील अशा माशांचे सर्वांत मोठे कुल म्हणजे टॅकिनिडी होय. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक सूचीत या कुलाच्या सुमारे ८,६०० जाती व १,४०० हून अधिक प्रजाती नोंदल्या आहेत. म्हणजे एका प्रजातीच्या वाट्यास सरासरीने सहाच्या आसपास जाती येतात. इतक्या मोठ्या कुलात प्रजातींची एवढी गर्दी का व्हावी? हे वैविध्य निसर्गाचे किती आणि वर्गीकरण करणाऱ्यांच्या स्वभावाचे किती? या प्रश्नाचे उत्तर कुलाच्या इतिहासात शोधावे लागते. आणि तो इतिहास केवळ संग्रहालयातील टाचण्यांचा नाही, तर शेती व रेशीम या उद्योगांशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

या इतिहासाचा आरंभ योहान विल्हेल्म मायगेन (१७६४–१८४५) याच्यापासून होतो. जर्मनीतील झोलिंगेन येथे जन्मलेला हा गृहस्थ विद्यापीठाची पदवी न घेता स्वतःच्या अभ्यासाने कीटकशास्त्रज्ञ झाला. आखेनजवळील श्टोलबर्ग या गावी फ्रेंच शिकवून त्याने उपजीविका केली आणि फावल्या वेळात युरोपातील द्विपंखी कीटकांचा अभ्यास केला. १८०३ साली त्याने या माशांसाठी ‘टॅकिना’ हे प्रजातिनाम योजिले. ‘शीघ्र’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून ते बनले आहे. १८१८ ते १८३८ या काळात त्याचा सात खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला व द्विपंखी कीटकांच्या शास्त्राचा पाया घातला गेला. शृंगिकांची रचना व पंखांवरील शिरा यांवर त्याचा मुख्य भर होता.

तथापि मायगेनच्याच हातून एका दीर्घ वादाचे बीज पेरले गेले होते. १८०३ पूर्वी, म्हणजे १८०० साली, त्याने फ्रेंच भाषेत एक लहानशी पुस्तिका काढली होती. तीत प्रजातींची नावे होती, परंतु एकाही जातीचे नाव नव्हते. पुढे त्याने स्वतःच यांतील पुष्कळ नावे टाकून नवी घेतली आणि पुस्तिका विस्मृतीत गेली. १९०८ साली फ्रीडरिख हेंडेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने ती पुन्हा उजेडात आणली, तेव्हा पेच उभा राहिला. अग्रक्रमाच्या नियमानुसार जुने नाव श्रेष्ठ. मग ‘टॅकिना’च्या जागी १८०० चे ‘लार्विव्होरा’, म्हणजे अळ्या खाणारी, हे नाव का नको? काही विद्वानांनी ते स्वीकारले, काहींनी नाकारले. लुई मेनील या फ्रेंच तज्ज्ञाने १९४४ पासून पॅलिआर्क्टिक प्रदेशातील या माशांवर जो विस्तृत ग्रंथ लिहिला, त्याच्या शीर्षकात ‘लार्विव्होरिनी’ हे नाव असून ‘टॅकिनिनी’ कंसात आहे. एकाच कुलास दोन नावे, आणि दोन्हींमागे नियमाचा आधार, अशी ही अवस्था होती. १९६३ साली प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १८०० ची पुस्तिका नामकरणाच्या दृष्टीने रद्द ठरविली, तेव्हा हा वाद संपला. नियमाच्या अक्षरापेक्षा रूढ नावाचे स्थैर्य अधिक मोलाचे आहे, हे तत्त्व येथे मान्य झाले.

दुसरा वाद अधिक खोल होता. प्रजाती कशावरून ओळखावी, हा तो प्रश्न. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतातल्या सॅं-सोव्हर या गावचा वैद्य आंद्रे रोबिनो-देव्वादी (१७९९–१८५७) याने १८३० साली आपला बृहद् निबंध प्रसिद्ध केला. मायगेनने एका प्रजातीत ठेवलेल्या माशा त्याने अनेक लहान प्रजातींत विभागल्या. कीटकांत राहणाऱ्या या माशांच्या समूहास त्याने ‘आंतोमोबी’ असे नाव दिले. म्हणजे माशीच्या शरीराबरोबर तिच्या राहणीचाही विचार त्याच्या मनात होता. समकालीनांना ही विभागणी अतिरेकी वाटली. त्याच्या संग्रहाचा बराच भाग पुढे नष्ट झाल्याने त्याच्या वर्णनांचा अर्थ लावणे अवघड होऊन बसले. परंतु काळाचा निवाडा त्याच्या टीकाकारांइतका कठोर ठरला नाही. विंथेमिया, फ्रिक्से, लिडेल्ला, ब्लोंडेलिया, कार्सेलिया या त्याने १८३० मध्ये केलेल्या प्रजाती आजही मान्य आहेत.

शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नाच्या राजसंग्रहालयात फ्रीडरिख ब्राउअर व युलियस फॉन बर्गेनश्टाम यांनी हेच काम मोठ्या संग्रहाच्या आधारे हाती घेतले. १८८९ ते १८९४ या काळातील त्यांच्या लेखमालेत डोक्याची ठेवण, गालांची रुंदी, चेहऱ्यावरील कडा व त्यांवरील राठ केसांची मांडणी यांना महत्त्व आले. त्यामुळे सूक्ष्म भेद स्पष्ट झाले आणि प्रजातींची संख्याही वाढली. अमेरिकेत मात्र डॅनिएल कोकिलेट याने १८९७ च्या आपल्या ग्रंथात उलट दिशा धरली व अनेक प्रजाती एकत्र केल्या.

या एकत्रीकरणाचा सर्वांत कडवा विरोधक म्हणजे चार्ल्स हेन्री टायलर टाउनसेंड (१८६३–१९४४). न्यू मेक्सिको, मेक्सिको, फिलिपीन्स, पेरू व ब्राझील अशा अनेक ठिकाणी त्याने काम केले. पेरूमध्ये व्हेरुगा या रोगाचा प्रसार वाळूमाशीमुळे होतो, हे त्याने १९१३ साली दाखविले. आपल्या आयुष्यात त्याने हजाराहून अधिक प्रजातिनामे निर्माण केली. त्यांपैकी कित्येक एकाच जातीवर आधारलेली होती. ब्राझीलमधील इटाक्वाक्वेसेतुबा येथून १९३४ ते १९४२ या काळात त्याने बारा भागांचा आपला ग्रंथ स्वतःच प्रसिद्ध केला. आत्मविश्वास हा त्याचा गुण होता आणि दोषही. हरणांच्या नाकपुडीत अळ्या सोडणारी एक माशी ताशी आठशेहून अधिक मैल वेगाने उडते, असे त्याने १९२७ साली लिहिले. तो आकडा कोणत्याही मापनावर नव्हे, नजरेच्या अंदाजावर आधारलेला होता. १९३८ साली अर्व्हिंग लँगम्यूर या नोबेल पारितोषिक विजेत्या रसायनज्ञाने साध्या गणिताने व प्रयोगाने दाखवून दिले की, ताशी पंचवीस मैल हा अंदाज वस्तुस्थितीस अधिक धरून आहे.

परंतु टाउनसेंडला केवळ नावांचा हव्यासी ठरविणे अन्यायाचे होईल. १९०८ साली मॅसॅच्युसेट्समधील मेलरोज हायलँड्स येथील प्रयोगशाळेत त्याने मादी माशांचे विच्छेदन करून त्यांची अंडी, गर्भाशय व पहिल्या अवस्थेतील अळ्या तपासल्या, आणि बाहेरून सारख्या दिसणाऱ्या माशांची प्रजननपद्धती आतून अगदी भिन्न असू शकते, हे दाखविले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१० मध्ये, जोसेफ पांतेल या जेझुइट धर्मगुरूने याच लक्षणांवरून या माशांचे दहा गट पाडले. कोणी पोषकाच्या त्वचेवर मोठे अंडे चिकटविते, कोणी टोचून अळी थेट शरीरात सोडते, कोणी मातीवर वा पानावर अळी ठेवते, तर कोणी पानावर धुळीच्या कणाएवढी असंख्य अंडी घालते. सुरवंटाने ते पान खाल्ले की अंडे पोटात जाते व तेथेच फुटते. या शेवटच्या प्रकाराचा शोध जपानमधील चुजिरो सासाकी यांनी रेशीमकिड्यावरील माशीचा अभ्यास करताना लावला होता. त्यांचा निबंध १८८७ साली टोकियो विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. रोंदानी या इटालियन शास्त्रज्ञाने १८७० मध्ये त्या माशीस ‘उजिमिया’ हे नाव दिले होते. जपानी भाषेत ‘उजी’ म्हणजे माशीची अळी. आज ती ब्लेफारिपा या प्रजातीत गणली जाते.

हाच ‘उजी’ शब्द भारतात आला आणि येथे नावाचे महत्त्व प्रत्यक्ष व्यवहारात कळून आले. बंगालमधील तुतीच्या रेशीमकिड्यावर पडणाऱ्या माशीसही ‘उझी’ हेच नाव रूढ झाले. परंतु ती ब्लेफारिपा नव्हे, एक्सोरिस्टा होय. लुई याने १८८० साली तिला ‘बॉम्बिसिस’ हे जातिनाम दिले; पुढे अनेक लेखक तिला ‘सॉर्बिलन्स’ या वीडमानच्या १८३० मधील जातीच्या नावानेही संबोधीत राहिले. ही माशी पानावर नव्हे, तर किड्याच्या अंगावर अंडे चिकटविते. भेद लहान दिसतो, पण उपाय त्यावरच अवलंबून आहे. अंगावर अंडे घालणाऱ्या माशीस किड्यापर्यंत पोहोचावेच लागते, म्हणून संगोपनगृहास जाळी लावली की तिला अटकाव होतो. पानातून येणाऱ्या अंड्यांस जाळी काय करणार? तेथे पानांचीच काळजी घ्यावी लागते. केवळ ‘उझी’ या नावावरून जपानचा उपाय बंगालमध्ये वा बंगालचा जपानमध्ये योजणारा फसल्यावाचून राहणार नाही. १९८० साली ही माशी कर्नाटकात पोहोचली व तेथील रेशीम उत्पादकांना तिचा मोठा फटका बसला. पुढे तिच्या कोशांवर जगणारा नेसोलिंक्स थायमस हा सूक्ष्म गांधीलवर्गीय कीटक तिच्याविरुद्ध वापरात आला. परोपजीवीवर परोपजीवी सोडण्याचा हा प्रकार होय. विदर्भात भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत ऐन व अर्जुन या झाडांवर ढीवर समाजातील लोक कोसा पिकवितात. त्या टसर किड्यास पीडा देणारी उझी मात्र ब्लेफारिपा झेबिना ही आहे. तिचे जातिनाम ब्रिटिश म्युझियमच्या फ्रान्सिस वॉकर याने १८४९ मध्ये दिले.

एकीकडे शत्रू असलेले हे कुल दुसरीकडे शेतकऱ्याचे मित्रही आहे. ऊस व भात यांच्या खोडकिडीवर जगणारी स्टर्मिऑप्सिस इन्फेरन्स ही माशी भारतात उपयोगात आणली गेली आहे. प्रजाती व जाती ही दोन्ही नावे टाउनसेंडने १९१६ साली दिलेली आहेत. फिजी बेटांत लेवुआना या पतंगाने नारळाची झाडे निष्पर्ण केली, तेव्हा १९२५ साली टॉटहिल व त्याच्या सहकाऱ्यांनी मलायातून एक माशी तेथे नेली. ऑल्ड्रिचने त्याच वर्षी तिचे वर्णन केले. आज ती बेसा रेमोटा या नावाने ओळखली जाते, आणि बेसा ही रोबिनो-देव्वादीच्या मरणोत्तर ग्रंथातील, म्हणजे १८६३ मधील, प्रजाती आहे. बर्गंडीच्या वैद्याने पाडलेला विभाग मलायातील माशीसही लागू पडला. पतंगाचा उपद्रव थोड्याच काळात ओसरला आणि आज तो पतंग नामशेष मानला जातो.

मात्र यशाच्या या कथेस दुसरी बाजू आहे. मायगेनने १८२४ साली वर्णिलेली कॉम्प्सिल्युरा कॉन्सिन्नाटा ही माशी १९०६ पासून अमेरिकेत जिप्सी पतंगाविरुद्ध सोडण्यात आली. जिप्सी पतंगाची वर्षातून एकच पिढी होते. या माशीच्या अनेक होतात. तेव्हा उरलेल्या पिढ्यांना दुसरे पोषक शोधणे भागच होते. तिने सुमारे दोनशे जातींच्या सुरवंटांवर निर्वाह केल्याची नोंद आहे, आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ईशान्य अमेरिकेतील मोठ्या देशी रेशीमपतंगांच्या ऱ्हासाशी तिचा संबंध जोडला. येथे नावात चूक नव्हती; नावामागे जीवनक्रमाचे जे ज्ञान असावयास हवे, ते निर्णय घेताना पुरेसे विचारात घेतले गेले नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा पसारा आवरण्याचे काम झाले. श्टुटगार्टच्या बेन्नो हेर्टिंग याने जुन्या लेखकांचे मूळ नमुने संग्रहालयांतून शोधून तपासले, आणि लंडनच्या रॉजर क्रॉस्की याने १९७६ साली भारतासह पौर्वात्य प्रदेशातील माशांचा सुसंगत आढावा सिद्ध केला. टाउनसेंडची अनेक नावे त्यांत पर्यायी ठरली. पण एकत्रीकरणाचा विजय झाला असे समजण्याची घाई करू नये. कोस्टारिकातील बेल्व्होसिया प्रजातीचा डीएनए तपासला असता, अनेक पोषकांवर जगणाऱ्या म्हणून गणलेल्या तीन जाती प्रत्यक्षात ठरावीक पोषकांवरच जगणाऱ्या अनेक जातींचे समूह निघाले, असे २००६ साली दिसून आले. यामुळे टाउनसेंडच्या प्रजाती खऱ्या ठरत नाहीत, कारण हा भेद जातींचा आहे, प्रजातींचा नव्हे. परंतु बाह्य साम्यावर विसंबू नये, हा विच्छेदनातून निघालेला त्याचा इशारा खरा ठरतो.

आज या कुलाची चार उपकुले मानली जातात व त्यांचे परस्परसंबंध डीएनएच्या आधारे तपासले जात आहेत. तरीही आरंभीचा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. प्रजातींच्या गर्दीत निसर्ग व वर्गीकरणकार या दोघांचाही हात आहे. राठ केस मोजणारा आणि सुरवंट पाळणारा, हे दोघे या इतिहासात दीर्घकाळ वेगळ्या वाटांनी चालले. ज्या ज्या वेळी ते एकत्र आले, त्या त्या वेळी ज्ञान स्थिर झाले. ज्या वेळी ते दुरावले, त्या वेळी नावे वाढली किंवा चुकीच्या जागी माशा सोडल्या गेल्या. नाव हे ज्ञानाचे दार आहे, परंतु ते उघडून आत जावे लागते.