पूर घरात शिरला तरी घर टिकवणारं बांधकाम म्हणजे नेमकं काय?

वरोऱ्यात पूर म्हटलं की आधी पाटाळ्याचा पूल आठवतो. वर्धा नदी फुगली की वरोरा-वणी रस्ता तिथं बंद पडतो. जुलै २०२२ मध्येही तेच झालं आणि त्याच दिवसांत चंद्रपुरात इरईचं पाणी रहमतनगरसारख्या वस्त्यांत शिरलं. चंद्रपूरचं दुखणं दुहेरी आहे. इरई धरणाचे दरवाजे उघडले की नदी चढते. पुढे वर्धा आधीच तुडुंब असेल, तर इरईचं पाणी तिच्यात उतरत नाही, ते मागे शहराकडे फुगतं.

अशा ठिकाणी पाणी घरात येणार हे धरूनच चालावं लागतं. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की पाणी ओसरल्यावर काय धुऊन वापरता येईल आणि काय फेकावं लागेल?

अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेनं, म्हणजे 'फेमा'नं, यासाठी सोपी कसोटी ठेवली आहे. पुराच्या पाण्यात सलग ७२ तास राहूनही ज्याला रंगरंगोटीपलीकडे दुरुस्ती लागत नाही, ते पूररोधक साहित्य. या कसोटीवर काँक्रीट, दगड, सिमेंटचा गिलावा, शहाबादी फरशी आणि कडप्पा पास होतात. एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि जिप्समचं पीओपी सपशेल नापास. हल्ली हप्त्यावर घेतलेलं मॉड्युलर किचन बहुधा याच यादीत असतं, आणि आजीच्या काळातला कडप्प्याचा ओटा मात्र बादलीभर पाण्यानं पुन्हा लख्ख होतो! प्लायवूडच हवं असेल तर आयएस ७१० हा शिक्का बघा. या प्लायच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात.

विटांचं काय? चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रामुळे आणि वरोऱ्यातल्या वीज प्रकल्पांमुळे राखेला इथं तोटा नाही. राख, सिमेंट किंवा चुना आणि दगडाची चुरी दाबून केलेल्या विटा भट्टीत भाजाव्या लागत नाहीत. पण राखेची वीट म्हणजे चांगलीच, असं नसतं. घरी करून बघता येते अशी परीक्षा आहे: कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती वीट नको. मातीच्या भाजक्या विटेलाही साधारण हाच निकष आहे. कच्च्या मातीच्या भिंतीचा मात्र पाण्यात चिखल होतो, म्हणून किमान खालचे दोन-तीन फूट पक्के बांधलेले बरे.

आता एक धोक्याची गोष्ट. दारं-खिडक्या पूर्ण बंद करून पाणी बाहेरच अडवायचं, हा विचार मोहक वाटतो, पण पाण्याचा रेटा उंचीच्या वर्गानं वाढतो. बाहेर १ मीटर पाणी साचलं तर ३ मीटर लांब भिंतीवर साधारण दीड टन जोर येतो, आणि २ मीटर साचलं तर सहा टन. साधी विटांची भिंत याला उभी राहीलच असं नाही. म्हणून पाणी फार चढलं तर ते आत येऊ देणं आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा ठेवणं शहाणपणाचं. जीव वाचवायला आधीच घर सोडायचं असतं, हे वेगळं सांगायला नको.

कापसाच्या काळ्या मातीत आणखी एक भानगड आहे. ही माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, आणि पाया त्यासोबत वरखाली होतो. भिंतीत तिरक्या भेगा पडतात त्या बहुतेक यामुळेच. अशा जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं तळाशी कंदासारखे फुगीर असलेले खांब विकसित केले. ते फुगण्या-आकसण्याच्या थराखाली जाऊन घट्ट बसतात.

नवीन घर बांधणार असाल तर साहित्याच्या आधी पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल असा पूर, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल असा. जोतं लाल रेषेच्या पातळीहून वर ठेवलं, तर वरची निम्मी यादी लागतच नाही.

जुन्या घरात सगळ्यात स्वस्त काम विजेचं आहे. मीटर, बोर्ड आणि प्लग मागच्या पुराच्या खुणेच्या वर घ्यायचे आणि वायरिंग छताकडून खाली आणायचं. पूर ओसरल्यावर वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका. भिंतींनाही लगेच रंग लावू नका. आतली ओल कोंडली की दिवाळीपर्यंत पोपडे निघतात. तोवर चुन्याचा हात मारलेला चालतो, कारण त्यातून ओल बाहेर पडत राहते.