एका रुपयाचा दंड आणि एका रुपयाचा भत्ता

१/ कोल्हापूर संस्थान, १९१७. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड.
महाराष्ट्र राज्य, १९९२. गरीब घरातील मुलगी शाळेत हजर राहिल्यास दिवसाला एक रुपया भत्ता.
या दोन रुपयांमध्ये पाऊणशे वर्षांचे अंतर आहे. प्रश्न मात्र एकच आहे. मूल शाळेत टिकवण्याचा खर्च कोणी उचलायचा? त्या प्रश्नाच्या इतिहासाविषयी हा #थ्रेड.

२/ आरंभ पुण्यापासून करावा लागतो. १८८२ मध्ये शिक्षणाच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी हंटर आयोग नेमला गेला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी त्याच्यापुढे आपले निवेदन सादर केले. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी सर्वपरिचित आहे. त्याच निवेदनातील दुसरा मुद्दा तुलनेने कमी सांगितला जातो.

३/ फुल्यांनी शाळेत ‘येणे’ आणि शाळेत ‘टिकणे’ यांत फरक केला होता. शूद्र जातींतील काही मुले शाळेत येतात, परंतु दारिद्र्यामुळे फार काळ राहत नाहीत. एखादे हलकेसलके काम मिळताच शाळा सोडतात. खेड्यात तर शेतकऱ्याला गुरे राखायला आणि शेत सांभाळायला मुलांचे हात हवे असतात. हे निदान त्यांनी आयोगापुढे स्पष्ट शब्दांत मांडले.

४/ उपायही त्यांनी तितक्याच व्यवहारी पद्धतीने सुचवला. केवळ शाळांची संख्या वाढवणे पुरेसे नाही; या मुलांना छोट्या शिष्यवृत्त्या आणि ठराविक मुदतीने बक्षिसे द्यावीत. हा पैसा म्हणजे उपकार नव्हे, हेही त्यांच्या मांडणीतून दिसते. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, ही त्यांची मुख्य तक्रार होती.

५/ आयोगाने प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी लोकल बोर्डे आणि नगरपालिकांकडे सोपवण्याची शिफारस केली. जबाबदारी खाली आली, पण त्या प्रमाणात पैसा आला नाही. पुढील तीस वर्षे वाद याच मुद्द्याभोवती फिरत राहिला.

६/ १६ मार्च १९११ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना टप्प्याटप्प्याने सक्ती, दरमहा दहा रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकांना फीमाफी आणि खर्चाचा एक भाग स्थानिक संस्थेने तर दोन भाग सरकारने सोसणे, अशी त्याची रचना होती. १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. देश अद्याप सक्तीला तयार नाही, हा मोठा आक्षेप होता. त्यामागे खर्चाचा प्रश्न उभा होता.

७/ ब्रिटिश मुलखात जे अडले, ते काही संस्थानांत घडले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ पासून अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. दंडाचा तो रुपया याच कायद्यातला.

८/ हा दंड एकट्याने पाहिला, तर गरिबावरचा जुलूम वाटेल. परंतु कोल्हापुरात दंडाच्या कितीतरी आधी वसतिगृहे आली होती. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यानंतर जैन, मुस्लिम आदी समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. दरबाराने त्यांना जागा, इमारती आणि आर्थिक साहाय्य दिले. खेड्यातले मूल शहरात शिकायचे, तर आधी त्याच्या राहण्याजेवणाची सोय हवी, हे तेथे ओळखले गेले होते.

९/ त्याच काळात कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेला एक विद्यार्थी पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून ओळखला गेला. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. ‘कमवा आणि शिका’ हे तेथील सूत्र.

१०/ या सूत्राचा गौरव योग्यच आहे. मात्र त्याचा आर्थिक अर्थही पाहिला पाहिजे. सरकारी तिजोरी पुरेशी उघडत नव्हती, तेव्हा शाळेत टिकण्याची किंमत विद्यार्थी स्वतःच्या श्रमाने आणि गावे धान्याच्या वर्गणीने चुकवत होती. सार्वजनिक खर्चाची जागा समाजाने भरून काढली होती.

११/ स्वातंत्र्यानंतर चित्र बदलू लागले. पूर्वी गरीब विद्यार्थ्याला ‘नादारी’ मिळे. ती बहुधा मोजक्या जागांपुरती आणि शाळेच्या मर्जीवर असे. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठी फी सवलत, म्हणजेच ‘ईबीसी’, लागू झाली. निकष कौटुंबिक उत्पन्नाचा होता. फीमाफी आता मेहरबानी न राहता हक्काच्या जवळ आली. अनेक घरांतली पहिली मॅट्रिक पिढी या सवलतीवर शिकली.

१२/ पण फी माफ झाली तरी मुलीचे घरकाम आणि मजुरी माफ होत नव्हती. जानेवारी १९९२ मध्ये राज्याने उपस्थिती भत्ता सुरू केला: दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती, जमाती व भटक्या-विमुक्त कुटुंबांतील पहिली ते चौथीच्या मुलींना, ७५ टक्के हजेरी असल्यास, दिवसाला एक रुपया. १९९५ पासून केंद्राच्या पोषण आहार योजनेतून दरमहा तीन किलो तांदूळ मिळू लागला. त्यालाही ८० टक्के हजेरीची अट होती. फुल्यांनी मागितलेले ‘टिकण्यासाठीचे साहाय्य’ एकशेदहा वर्षांनी सरकारी आदेशात उतरले.

१३/ ऊसतोड कामगारांच्या मुलांचा प्रश्न याहून कठीण होता. दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबे कारखान्यांच्या तळावर जातात आणि मुलांची शाळा अर्ध्या वर्षात तुटते. त्यावर आधी तळाजवळच्या साखरशाळा आणि नंतर गावातच मूल ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे, असे उपाय पुढे आले. गावातल्या हंगामी वसतिगृहामागचा विचार १९०१ च्या बोर्डिंगहून वेगळा नाही: आईबाप जवळ नसताना मुलाच्या ताटाची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी.

१४/ २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सक्तीचा अर्थच उलटला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणे ही आता शासनाची जबाबदारी ठरली. पालकाला दंड राहिला नाही. १९१७ चा रुपया बापाच्या खिशातून जायचा होता. आता देणे तिजोरीकडे आले.

१५/ ते देणे किती गांभीर्याने घेतले गेले, याची खूण दुसऱ्या रुपयात सापडते. १९९२ चा भत्ता पुढे दोन दशकांहून अधिक काळ एक रुपयाच राहिला. पेन, वही, मजुरी, सगळ्यांचे भाव वाढले. मुलीच्या एका दिवसाच्या हजेरीचा भाव तेवढा वाढला नाही. योजना बंद पडली नाही, तिचे मोल मात्र विरून गेले.

१६/ म्हणून शिक्षणाचा इतिहास वाचताना कायद्याच्या तारखेबरोबर अंदाजपत्रकातला आकडाही वाचावा. शाळा किती उघडल्या, एवढ्यावर १८८२ मध्ये फुल्यांचे समाधान झाले नव्हते. त्या शाळेत गुरे राखणारे मूल चौथीपर्यंत पोहोचावे म्हणून किती पैसा ठेवला, हा त्यांचा प्रश्न होता. तो आजही प्रत्येक अंदाजपत्रकाला विचारता येतो. (समाप्त)