पाहुणे घरी असताना गृहस्थाचे हक्क

सुट्टीत मुंबई, नाशिक वा सुरतेहून सिल्वासात पाहुणे येतात. देशभर संचार करण्याचा नागरिकांचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये आहे, तर घराच्या खासगीपणाला अनुच्छेद २१ चे संरक्षण आहे. पोलिसांच्या रात्रीच्या गृहभेटींची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने खडकसिंह खटल्यात १९६२ मध्ये रद्द केली. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, तपासासाठी विनावॉरंट झडती घेण्यापूर्वी अधिकाऱ्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात. झडतीचे चित्रीकरण बंधनकारक असून दोन स्वतंत्र स्थानिक साक्षीदार आवश्यक असतात. गृहस्थास झडतीच्या वेळी हजर राहता येते, तसेच जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मिळते.

वापीमार्गे परतणाऱ्या पाहुण्यांना यजमानाने एक सूचना अवश्य द्यावी: गुजरातेत दारूबंदी असल्याने परवान्याविना मद्य जवळ बाळगणे गुन्हा ठरतो.

स्त्रिया व अनुसूचित जमातींतील व्यक्तींना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.