मालिश आणि सशाचा दुसरा गुडघा

पेट पास झाली, आता विषय शोधताय, आणि कुणीतरी सुचवलं: 'मालिशने दुखणं आणि ताण कमी होतो का?' बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या मावशींना विचारलंत तर त्या म्हणतील, यात शोधायचं काय? पण या साध्या प्रश्नावर दीडशे वर्षं काम चाललंय. आराखडा लिहायला बसण्याआधी त्यातला एक धागा बघून घ्या.

सुरुवात एका प्रबंधापासूनच होते. ॲमस्टरडॅमचा डॉक्टर योहान गेओर्ग मेझगर याने १८६८ मध्ये लायडन विद्यापीठाला प्रबंध सादर केला. विषय होता मुरगळलेल्या पायावर चोळून उपचार. बस, एवढाच! तुमचा विषय 'फार छोटा' वाटत असेल तर हे आठवा. (आज ज्याला आपण 'स्वीडिश मसाज' म्हणतो, त्यातल्या हाताच्या क्रियांची फ्रेंच नावं मेझगर आणि त्याच्या शिष्यांमुळे रूढ झाली. श्रेय मात्र स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंगला मिळत राहिलं. म्हणून एकाच दुय्यम संदर्भावर विसंबू नका.)

मेझगरकडे रुग्ण भरपूर होते, पण चोळल्यावर आत नेमकं होतं काय? १८७६ मध्ये फॉन मोसेनगाईल या जर्मन शल्यचिकित्सकाने सशांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सशाच्या दोन्ही गुडघ्यांच्या सांध्यांत त्याने काळी शाई टोचली. एका गुडघ्याला मालिश केली, दुसरा तसाच ठेवला. नंतर पाहिलं तर मालिश केलेल्या सांध्यातली शाई निघून लसीकावाहिन्यांकडे गेलेली, दुसऱ्यात ती तशीच साचलेली. प्राण्याला वेदना देणारा प्रयोग आहे, आज नैतिक समिती दहा प्रश्न विचारेल. पण रचना बघा ना. तोच ससा, तीच शाई, फरक फक्त हाताचा. अर्थात यातून कळलं ते द्रव सरकतो एवढंच. दुखणं कमी झालं का, हे ससा सांगणार नव्हता.

आता एकदम २००५ मध्ये या. टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन लिहिलं की मालिशनंतर कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, सरासरी ३१ टक्क्यांनी उतरतं. हा आकडा किती ठिकाणी छापला गेला, विचारू नका. स्पाच्या जाहिरातीपासून थेट प्रबंधांपर्यंत! पण हा आकडा होता मालिश घेतलेल्यांच्या 'आधी' आणि 'नंतर'मधल्या फरकाचा. कॉर्टिसोल सकाळी चढलेलं असतं आणि दिवसभरात आपोआप उतरत जातं. मग उतरलं ते मालिशमुळे की घड्याळामुळे?

ख्रिस्तोफर मॉयर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मालिश न घेतलेल्या गटांशी तुलना करून तेच गणित पुन्हा मांडलं. परिणाम अगदी छोटा निघाला, बहुतेक ठिकाणी शून्यापासून वेगळा काढता न येण्याइतका. १८७६ मध्ये जो दुसरा गुडघा होता, तो सव्वाशे वर्षांनी हिशेबातून गळाला होता.

म्हणजे मालिश निरुपयोगी? नाही, इथे घाई करू नका. याच मॉयरच्या २००४ च्या, ३७ अभ्यासांवरच्या विश्लेषणात चिंता आणि नैराश्य कमी झाल्याचं तुलनागट धरूनही दिसलं होतं. माणसाला बरं वाटतं, हे टिकलं. कॉर्टिसोलचं स्पष्टीकरण टिकलं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि तोंडी परीक्षेत नेमकं इथेच पकडतात.

दुखण्याचंही तसंच. डॅनियल चर्किन यांच्या चमूने २०११ मध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ४०१ जणांवर चाचणी केली. दहा आठवडे काहींना स्नायूंवर नेमकं काम करणारी मालिश, काहींना नुसती आराम देणारी, बाकीच्यांचे नेहमीचे उपचार चालू. दोन्ही मालिशवाले गट नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले, पण त्या दोघांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. मग नेमकी जागा दाबण्याचं कौशल्य मोजायचं कसं?

तुमच्या आराखड्यातली खरी अडचण इथे आहे. गोळीच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते. मालिश मिळतेय की नाही हे मात्र रुग्णालाही कळतं आणि करणाऱ्यालाही. तुलनेला नुसता हलका स्पर्श ठेवला तर तो स्पर्शही बरं वाटायला लावू शकतो. नुसतं पडून राहायला सांगितलं तर तुम्ही मालिश मोजताय की कुणीतरी तासभर दिलेलं लक्ष, हे सांगता येत नाही. तेव्हा 'संशोधन पद्धती'च्या प्रकरणात पहिली ओळ लिहिण्याआधी ठरवा: तुमच्या सशाचा दुसरा गुडघा कोणता?