उदगीरची लढाई आणि यांशी महालातली दासी

उदगीरच्या शाळेत मी इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर लातूरला मुलाकडे राहायला आले. इथे सुनेच्या नादाने चिनी ऐतिहासिक मालिका बघू लागले, आणि आता घरात ती गोडी माझीच जास्त आहे. फोनवर हिंदीत डब केलेल्या मिळतात, नाहीतर खाली अक्षरं येतात. गल्लीतल्या बायका विचारतात, "बाई, तुमी जन्मभर शिवाजी-पेशवे शिकिवलं, आन् आता त्या चिनी राण्यांचं काय बघायलाव?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर चीनपासून सुरू होत नाही. आपल्या मराठवाड्यातल्या घरांना गोष्टीतल्या इतिहासाचं जे वेड पूर्वीपासून आहे, तिथून ते सुरू होतं.

माझे आजोबा निजामी राजवटीत शिकले. शाळेची भाषा उर्दू, कचेरीची उर्दू, आणि मनोरंजनाची पुस्तकंही उर्दू. अब्दुल हलीम शरर यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या त्यांना जवळजवळ पाठ होत्या. १८९९ सालची 'फिरदौस-ए-बरीं' तर ते आम्हा पोरांना सांगायचे: डोंगरातला किल्ला, तिथला बनावट स्वर्ग, त्या स्वर्गाच्या आशेने खून करायला निघालेला तरुण, आणि शेवटी हुलागूच्या मंगोल फौजेने उधळलेला तो सगळा खेळ. प्रेमकथा होती, कारस्थान होतं आणि इतिहासही होता. त्याच माळवदाच्या घरात, ढेलजेच्या आतल्या बाजूला, चातुर्मासात आजी श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' लावायची. वाचणारा एक, ऐकायला शेजारच्या पाच-सहा घरांतल्या बायका. द्रौपदीच्या अध्यायाला एकीचाही डोळा कोरडा राहत नसे. बाहेर शरर आणि आत श्रीधर. दोन्हीकडे माणसं पुढच्या भागाची वाट बघत. रोज एक अध्याय, उरलेलं उद्या, ही शिस्त आम्हाला दूरदर्शनने शिकवलेली नाही.

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची जत्रा भरते. घोड्यांच्या बाजाराइतकीच ती तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध. वगात राजे, सरदार, फितुरी, ताटातूट हे ठरलेलंच. बायकांना त्या कनातीत जायला बंदी, म्हणून वगाची गोष्ट आमच्यापर्यंत गडीमाणसांच्या तोंडून, बरीचशी गाळून यायची. बायकांना स्वतःच्या हाताने ऐतिहासिक गोष्ट उघडून वाचता आली ती कादंबरीमुळे. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ची. ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ची. ग्रंथालयातल्या त्या प्रतींची पानं सुटायला आलेली असत आणि समासात कुणीकुणी पेन्सिलीने 'खरंच!' असं लिहिलेलं असे. देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना लिहिली ती आपल्या नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी. ती इतकी दीर्घ आणि इतकी स्वतंत्र विचाराची आहे की कादंबरी बाजूला ठेवूनही वाचता येते. ती वाचल्यावर मी स्वतःपुरता एक नियम केला: गोष्टीत रमायचं, पण घरी येऊन सनावळ्या तपासायच्या. चिनी मालिका बघतानाही हा नियम मी सोडलेला नाही. हा सगळा लेख त्या नियमातूनच आला आहे.

१९८४च्या सुमारास दूरदर्शनची लहान प्रक्षेपण केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत उभी राहिली आणि गोष्ट पडद्यावर आली. 'स्वामी' मालिकेत मृणाल देव रमाबाई झाल्या आणि रवींद्र मंकणी माधवराव. थेऊरचा शेवट सगळ्यांना ठाऊक होता, तरी तो पाहवेना. मग १९९४ साली 'चंद्रकांता' सुरू झाली. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. रात्री छताखाली झोपायला जीव धजत नसे. रविवारी सकाळी मात्र टीव्ही असलेल्या घरात आळी जमायची आणि तासभर ऐयार, तिलिस्म आणि विजयगडची राजकन्या यांच्यात सगळे हरवून जायचे. देवकीनंदन खत्रींची ही कादंबरी मुळात १८८८ची. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या गोष्टीने किल्लारीच्या धक्क्यातल्या माणसांना आठवड्यातला एक तास तरी दिला, हे मी विसरणार नाही.

नंतरच्या मराठी ऐतिहासिक मालिकांबद्दल मला फार लिहायचं नाही. त्यांच्यामागे कष्ट होते आणि भक्ती होती. पण दर दोन मिनिटांनी दरबारातलं भाषण आणि माजघरात फक्त ओवाळणी, एवढ्याने माझी भूक भागली नाही.

ती भूक चिनी मालिकांनी भागवली. सुनेने पहिली दाखवली ती 'एम्प्रेसेस इन द पॅलेस', २०११ची, शहात्तर भागांची. झेन ह्वान नावाची सतरा वर्षांची मुलगी योंगचंग बादशहाच्या जनानखान्यात निवडली जाते. बादशहावर तिचा खरोखर जीव जडतो. एके दिवशी ती नकळत एक जुना पोशाख अंगावर घालते आणि तिच्यासमोर सत्य उभं राहतं: हा माणूस तिच्यात आपली मेलेली पहिली राणी बघत होता. या प्रसंगात कुणी ओरडत नाही. पोशाख, नजर आणि मग शांतपणे मिटलेलं दार. सुन ली या अभिनेत्रीचा चेहरा त्या भागापासून जो बदलतो, तो शेवटपर्यंत पूर्वीसारखा होत नाही. योंगचंगची कारकीर्द १७२२ ते १७३५, म्हणजे आपल्याकडे पहिल्या बाजीरावांचा काळ. काशीबाई आणि मस्तानी पुण्यात होत्या तेव्हा बीजिंगमध्ये हा बादशहा राज्य करत होता. वर्गात जगाचा आणि महाराष्ट्राचा इतिहास दोन वेगळ्या पुस्तकांतून शिकवला, तिथे हे शेजारीपण कधी दिसलंच नाही.

'द स्टोरी ऑफ मिंगलान' मला त्याहून जवळची वाटते. नायिका उपपत्नीची मुलगी, आई लवकर गेलेली, आजीने वाढवलेली. आजी तिला कोठीचा हिशोब, नोकरांची पारख आणि तोंड कधी मिटून ठेवायचं हे शिकवते. कितीतरी भाग नुसते घराच्या कारभारावर आहेत. देशमुखांच्या गढीत नांदलेल्या बाईला ते समजावून सांगावं लागत नाही. कोठीच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत, यावर अख्ख्या घराचं राजकारण चाले, हे माझ्या आजीच्या पिढीने जगलेलं आहे.

या मालिकांमागचा कारखानाही मोठा आहे. जच्यांग प्रांतातल्या हंगद्यान गावी १९९६पासून चित्रीकरणाची नगरी उभी राहिली. बीजिंगच्या राजवाड्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती तिथे आहे. 'यांशी पॅलेस' या मालिकेतल्या राण्यांच्या केसांत नानजिंगच्या कारागिरांची रेशमी तंतूंची फुलं आहेत. ही कला मागे पडत चालली होती, मालिकेनंतर तिला पुन्हा गिऱ्हाईक मिळालं. आपल्या पैठणीला आणि हिमरूला पडद्याने इतकं दिलं असतं तर!

सनावळ्या तपासण्याची सवय फळाला आली ती याच मालिकेच्या वेळी. 'स्टोरी ऑफ यांशी पॅलेस' २०१८ची. वेई यिंगलो ही मुलगी बहिणीच्या मृत्यूचा छडा लावायला राजवाड्याच्या भरतकामखान्यात दासी म्हणून शिरते आणि च्यानलोंग बादशहाच्या राण्यांत वरच्या स्थानी पोचते. बहिणीची गोष्ट रचलेली. पण तिच्यामागची बाई खरी आहे. वेई घराण्यातली, राजघराण्याच्या सेवकवर्गात जन्मलेली, एकेक पायरी चढत गेलेली. तिचा मुलगा पुढे च्याछिंग बादशहा झाला. त्याची जन्मतारीख मी शोधली: १३ नोव्हेंबर १७६०.

१७६०! उदगीरच्या बाईला हे साल वेगळं सांगायला नको. ३ फेब्रुवारी १७६०ला सदाशिवरावभाऊंनी आमच्या भागात निजामाला हरवलं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा तिथे चालल्या. साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बुऱ्हाणपूर, विजापूर अशी ठिकाणं मराठ्यांना मिळाली. त्याच विजयाच्या भरात फौज परतूरला आली, नानासाहेबांनी उत्तरेच्या मोहिमेची धुरा भाऊंवर दिली, आणि मार्चमध्ये भाऊ निघाले. बरोबर पत्नी पार्वतीबाई होत्या. चीनच्या राजघराण्यात तो मुलगा जन्मला तेव्हा पार्वतीबाई पानिपतच्या छावणीत, थंडीत, वाढत्या उपासमारीत होत्या. दोन महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ला, सगळं संपलं. त्या जिवंत परतल्या. नवरा गेला हे त्यांनी कधी मान्य केलं नाही, वैधव्याची खूण अंगावर घेतली नाही. पुढे भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला आणि पुण्यात खरा-खोटा ठरवण्याचा खल वर्षानुवर्षं चालला. या सगळ्या गदारोळात त्या बाईचं मन कसं तगलं असेल? चिनी लेखकाच्या हाती ही बाई पडती, तर तिचे साठ भाग झाले असते, आणि त्यांतले निदान दहा उदगीर ते परतूर या रस्त्यावरचे असते.

'चीनचं कशाला बघता' असंही कुणी म्हणतं. सीमेवर जे घडतं त्याचं दुःख मलाही आहे. पण सातव्या शतकात, पुलकेशी दुसऱ्याच्या काळात, चिनी प्रवासी युआन श्वांग या महाराष्ट्रदेशी आला, तेव्हा त्याने आपल्या माणसांना मन लावून पाहिलं. इथले लोक साधे, मानी, उपकार न विसरणारे आणि अपमानाचा सूड पूर्वसूचना देऊन घेणारे, असं त्याने लिहून ठेवलं. हरलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, बाईचे कपडे देतात, हेही त्याने टिपलं. ६४५ साली तो छांगआनला परतला तेव्हा तिथल्या राजवाड्यात वू झतियान नावाची तरुण स्त्री होती. तीच पुढे ६९० साली चीनची एकमेव सम्राज्ञी झाली, आणि तिच्यावरही मालिका निघाल्या. जवळचं उदाहरण हवं तर सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली चीनला गेले, ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि १९४२ साली तिथल्याच मातीत राहिले. दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची ओढ दोन्हीकडे जुनी आहे.

या मालिका सगळं खरं दाखवतात असं मी म्हणत नाही. सोंग काळापासून चिनी मुलींचे पाय बांधून मोडायची प्रथा पसरत गेली. पण त्याच काळातल्या मिंगलानच्या घरात ती कुठेच दिसत नाही. सगळ्या जणी अंगणातून भरभर चालतात. खोजे बहुतेकदा विनोदाला किंवा कपटाला वापरले जातात, त्यांच्यावरच्या क्रौर्याचं कुणाला काही वाटत नाही. ही मोठी उणीव आहे. उलट २०१९च्या जानेवारीत बीजिंगच्या सरकारी नियतकालिकाने आक्षेप घेतला तो भलताच: राजवाड्याच्या मालिका ऐषाराम आणि कारस्थान शिकवतात म्हणे. त्यानंतर काही वाहिन्यांवरून त्या उतरवल्या गेल्या. मला हे पटत नाही. बंद दारांआडच्या बायकांना दुसरं शस्त्र दिलं होतं का कुणी? त्यांची हुशारी कारस्थान ठरते आणि दरबारातल्या पुरुषांची मुत्सद्देगिरी.

आणि आपल्याकडे तर दाराआड न राहिलेल्या बाईलाही आपण विसरलो. नांदेड जिल्ह्यातलं माहूर सगळ्यांना रेणुकेमुळे ठाऊक आहे. त्याच माहूरच्या उदाराम घराण्यातली विधवा स्वतः फौज घेऊन लढली, औरंगजेबाने तिला 'रायबागन' हा किताब दिला. शाहिस्तेखानाच्या स्वारीत ती कारतलबखानाबरोबर कोकणात उतरली आणि २ फेब्रुवारी १६६१ला उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्यांना कोंडलं. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त ती खानाला त्याच्या मूर्खपणाबद्दल खडसावते आणि शरण जायला सांगते. महाराजांनी त्यांना जिवंत जाऊ दिलं. लढाईच्या गोष्टीत ती एवढ्या प्रसंगापुरती येते आणि निघून जाते. शत्रूच्या बाजूची म्हणून तिला नायिका करायला आपण कचरतो का? माहूरगडावर विधवा झालेल्या बाईने सैनिकांचा पगार कसा भागवला, दिरांना कसं आवरलं, मुघलांच्या चाकरीत स्वतःचा मान कसा राखला, आणि शिवाजीराजांसमोर उभी राहिली तेव्हा तिच्या मनात काय आलं, हे मला बघायचं आहे. तलवारबाजीचा एक भाग पुरे. बाकीचे तिच्या कोठीत आणि कचेरीत घडू द्या.

२०२२ साली उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा गावोगावचे लिहिणारे आमच्या किल्ल्याच्या गावात आले होते. त्यांना, आणि नांदेड-लातूरच्या कॉलेजांतून आज लिहू लागलेल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. माहूरला जा, कंधारचा खंदक बघा, उदगीरच्या किल्ल्यात फिरा, 'शिवभारत' उघडा आणि रायबागन लिहा. लिहून झाल्यावर सनावळ्या तपासायला कुणी लागलं, तर मी लातूरलाच आहे.