पार्श्वरेखा : एका संज्ञेचा इतिहास

माशाच्या अंगावर कल्ल्यामागून शेपटीपर्यंत गेलेली बारीक रेषा कोणाच्याही नजरेस सहज पडते. तिचे कार्य उमगण्यास मात्र दोन शतकांहून अधिक काळ लागला. या विलंबास साधनांची उणीव जशी कारण झाली, तशीच एक चुकीची संज्ञाही कारण झाली असावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

डेन्मार्कचा शरीरशास्त्रज्ञ नील्स स्टेन्सन याने १६६४ मध्ये पाकटासारख्या चपट्या माशांच्या त्वचेवरील छिद्रे वर्णिली. अशा छिद्रांखालील नलिकांत बुळबुळीत द्रव आढळे. तेव्हा त्या श्लेष्मा स्रवणाऱ्याच असाव्यात, असा समज होऊन ‘श्लेष्मनलिका’ या अर्थाचे नाव रूढ झाले. नाव मिळाले म्हणजे उत्तरही मिळाले असे भासते, आणि शोध मंदावतो.

१८५० मध्ये फ्रान्झ लायडिग या जर्मन शास्त्रज्ञाने त्याच नलिकांत मज्जातंतूंनी युक्त ज्ञानेंद्रिये दाखवून दिली. तथापि निबंधाच्या शीर्षकात त्याने ‘श्लेष्मनलिका’ हाच शब्द योजिला. १८६१ मध्ये एफ. ई. शुल्झे याने आपल्या शीर्षकात त्या शब्दामागे ‘तथाकथित’ हे विशेषण जोडले. एवढ्या एका विशेषणास अकरा वर्षे लागली!

पुढे १९०८ मध्ये ब्रूनो होफर याने माशास पाण्याच्या मंद प्रवाहाची जाणीव या इंद्रियांमुळे होते, हे प्रयोगाने दाखविले. १९३४ च्या सुमारास स्वेन डाइकग्राफ याने या शक्तीस ‘दूरस्पर्श’ या अर्थाचे नाव दिले. ते यथार्थ होय. प्रत्येक इंद्रियातील केसपेशींचे सूक्ष्म केस एका मऊ टोपीत रुतलेले असतात. पाणी हलले की टोपी झुकते व केस वाकतात. एका दिशेस वाकले तर मज्जातंतूंतील संदेश वाढतात, उलट दिशेस वाकले तर घटतात. त्यामुळे हालचालीची दिशाही माशास कळते.

आपली ‘पार्श्वरेखा’ ही संज्ञा युरोपीय नावाचे भाषांतर होय. ती केवळ स्थान व आकार सांगते, आणि तेही अपुरेच. कारण मस्तकावर या रेषेस अनेक फाटे फुटतात. कार्याविषयी ती मौन पाळते. परंतु हे मौनच तिचा गुण समजावयास हवा. जेथे ज्ञान अपुरे आहे, तेथे परिभाषाकाराने दिसते तेवढेच सांगणारे नाव द्यावे. त्याने निदान पुढील संशोधकाची वाट अडत नाही.